दोन वर्षं सोळाशेवरच अडकलोय, आता काय शिकू?

वाचकाचं पत्र: वय ३६, कराडला बँकेत नोकरी. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर माझं रॅपिड (जरा लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग दोन वर्षं १५८० ते १६४० च्या मध्येच फिरतंय. रोज रात्री तीन मिनिटांचे दहा-बारा डाव खेळतो. पझल सोडवतो, त्याचं रेटिंग २००० च्या वर आहे, पण डावात तसलं काही सुचत नाही. यूट्यूबवर ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) व्हिडिओ बघतो. सध्या सिसिलियन नायडॉर्फचा कोर्स घेतलाय, पण समोरचे त्यातलं काही खेळतच नाहीत. परवा एक प्यादं जास्त होतं म्हणून हत्ती बदलले, तरी डाव बरोबरीत सुटला. ती पोझिशन देतोय (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी). माझा (पांढऱ्याचा) राजा ई५, हत्ती ई६, प्यादं ई४. काळ्याचा राजा एफ८, हत्ती ई७. चाल माझी होती. दिवाळीनंतर एक फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटेड स्पर्धा खेळायची इच्छा आहे. आठवड्यात रोज तासभर आणि रविवारी दोन-तीन तास काढता येतात. कोणती ओपनिंग घेऊ? कोच लावू का?

नमस्कार,

ओपनिंग आणि कोच दोन्हींवर लिहितो, पण आधी तुमची ती पोझिशन. पत्रात सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती चार ओळींत उरकलीत.

तुम्ही हत्तीने ई७ वर मारलंत, काळ्याने राजाने परत घेतलं. आता तुमचा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७ आणि चाल तुमची. हीच पोझिशन, पण चाल काळ्याची असती तर तुम्ही जिंकला असतात. चाल तुमची आहे म्हणून बरोबरी. राजा डी५ केलात तर काळा राजा डी७ वर समोर उभा राहतो. मग ई५ ढकललंत तर राजा ई७, आणि ई६ ढकललंत की त्याला एकच चाल वाचवते: राजा सरळ मागे ई८ वर. तुम्ही राजा डी६, तो राजा डी८, तुम्ही ई७ शह, तो राजा ई८. आता प्यादं सांभाळायला राजा ई६ करावा लागतो आणि स्टेलमेट होतं: काळ्याला शह नाही, पण चालही उरत नाही, म्हणून बरोबरी. तो ई८ ऐवजी डी८ किंवा एफ८ वर गेला असता तर राजा डी६ करून तुम्ही जिंकत होतात: तो ई८ ला येतो, तुम्ही ई७ शह न देता ढकलता, त्याला एफ७ ला हटावं लागतं, तुमचा राजा डी७ वर जातो आणि वजीर होतो. शेवटच्या पायरीला प्यादं शह देत पुढे गेलं की बरोबरी, शह न देता गेलं की विजय. एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच अर्धे गुण वाचतात.

आता मागे या. हत्ती ई६ वर असताना मारण्याऐवजी राजा एफ६ होता. काळ्याने ई६ वर शह देत मारलं तर तुम्ही राजाने घेता, आणि तुमचा राजा प्याद्याच्या दोन घरं पुढे ई६ वर पोचतो. ई४ वरच्या प्याद्यासाठी डी६, ई६, एफ६ ही तीन घरं कळीची. यातल्या एकावर राजा गेला की चाल कोणाचीही असो, प्यादं वजीर होतं. काळा राजा ई८ ला आला तर तुमच्याकडे ई५ ही राखीव चाल आहेच. शिवाय राजा एफ६ वर असताना तुम्ही ई७ चा हत्ती मारलात तर त्याला परत घेताही येत नाही, म्हणजे ती धमकीही उभी राहते. काळ्याला एफ७ वर शह देऊन किंवा बाजूला जाऊन हत्ती वाचवावा लागतो आणि डाव चालू राहतो. डाव तिथेच जिंकलेला नाही, काळा नीट खेळला तर धरून ठेवू शकतो. पण त्याला अजून पंधरा-वीस बरोबर चाली शोधाव्या लागल्या असत्या, आणि १६०० ला त्या नेहमी सापडत नाहीत. तुम्ही एका चालीत त्याचं काम संपवून दिलंत.

‘प्यादं जास्त आहे, तर बदलत सुटा’ हा नियम तुम्ही ऐकलेला आहे आणि तो बहुतेक वेळा बरोबरही आहे. फक्त शेवटची मोठी मोहरी बदलून नुसता राजा-प्याद्यांचा डाव उरणार असेल तेव्हा तो नियम गुंडाळून ठेवायचा आणि शेवटपर्यंत मोजायचं. तिथे एका चालीच्या फरकाने जिंकलेला डाव बरोबरीत जातो, आणि मधली अवस्था नसते.

तुम्ही भरपूर खेळता, भरपूर बघता, पण गमावलेले डाव परत उघडत नाही. पत्रात पझलचं रेटिंग आहे, कोर्सचं नाव आहे, पण ‘मी साधारण कशामुळे हरतो’ याबद्दल एक ओळही नाही. दोन वर्षं रेटिंग हललेलं नाही याचं कारण मला तिथे दिसतं. तेव्हा पहिली खरेदी दोनशे पानी वहीची. लिचेसच्या स्टडीत (डाव साठवून टिपणं करायची सोय) केलंत तरी चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असं माझं मत आहे.

वहीत काय लिहायचं? डाव झाला की त्याच रात्री, इंजिन (चाली मोजणारा संगणक प्रोग्राम) न लावता, तीन जागा शोधा. तुम्ही सगळ्यात जास्त वेळ कुठे घेतलात, समोरच्याची कोणती चाल अनपेक्षित आली, आणि डाव कुठे फिरला असं तुम्हाला वाटतं. प्रत्येक जागी त्या क्षणी डोक्यात काय होतं ते लिहा, अगदी ‘काहीच सुचलं नाही म्हणून एच३ खेळलो’ असं असलं तरी. हे त्याच रात्री करायचं कारण दुसऱ्या दिवशी मन सारवासारव करतं, आणि आपण जे मोजलंच नव्हतं तेही मोजलं होतं असं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन. एकाऐवजी तीन ओळी दाखवायला लावा. पाव-अर्ध्या प्याद्याचे फरक सोडून द्या. स्टॉकफिशसारख्या इंजिनला ०.३ आणि ०.१ मधला फरक कळतो, तुमच्या-आमच्या डावात तो तीन चालींत पुसला जातो. दीड-दोनच्या उड्या तेवढ्या बघा. इंजिनची चाल कळली नाही तर मान डोलावून पुढे जाऊ नका. तुम्हाला सहज सुचणारं उत्तर पटावर खेळा आणि इंजिन ते कसं पाडतं ते बघा. ते उत्तर पडलं की चालीचा अर्थ लागतो. आणि ‘ॲक्युरसी ९१ टक्के’ या आकड्यावर खूश होऊ नका. समोरच्याने बाराव्या चालीला वजीर दिला तर कोणाचीही ॲक्युरसी चांगलीच येते.

मग प्रत्येक चुकीला एक शिक्का: दिसलंच नाही, मोजणी चुकली, विनाकारण अदलाबदल, योजना नव्हती, घड्याळ, एंडगेम (थोड्याच मोहऱ्या उरलेला शेवटचा टप्पा). पंधरा डाव झाले की शिक्के मोजा. या पट्टीतल्या खेळाडूंचं बहुधा ‘दिसलंच नाही’ सगळ्यात वर निघतं, आणि त्याच्या पाठोपाठ अदलाबदल. तुमचं वेगळं निघालं तर अभ्यास त्याप्रमाणे फिरवा.

‘दिसलंच नाही’ वर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. समोरच्याने चाल केली की दोन प्रश्न. ही मोहरी आता कुठे बघतेय? आणि ती जिथून निघाली तिथून काय राखत होती, ते आता उघडं पडलं का? दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि फुकट मिळणारे गुण तिथेच असतात. मग स्वतःची चाल ठरली की ती खेळण्याआधी समोरच्याच्या बाजूने तीन गोष्टी बघा: त्याचे शह, त्याच्या मारामाऱ्या, त्याच्या थेट धमक्या. तुमच्या हल्ल्याच्या नादात हे राहतं, म्हणून क्रम कायम ठेवा. पूर्वी काही जण सांगायचे की चाल आधी कागदावर लिहा आणि मग खेळा, म्हणजे घाई होत नाही. तसं आता करू नका. फिडेच्या नियमांत चाल आधी लिहून ठेवायला मनाई आहे.

पझल २००० आणि डावात शून्य, याचं कोडं फार अवघड नाही. पझल समोर आलं की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच कळलेलं असतं. डावात कोणी कानात सांगत नाही. दुसरं म्हणजे पहिली चाल ओळखीची वाटली की आपण क्लिक करतो, ती बरोबर निघते, पुढचं साइट दाखवत जाते. म्हणजे मोजणी झालेलीच नसते, नुसता अंदाज लागलेला असतो. तुमच्या २००० मध्ये किती अंदाज आणि किती मोजणी हे पुढची पद्धत आठवडाभर केलीत की कळेल.

पझलचे दोन वेगळे वेळ ठेवा, एकत्र कालवू नका. दहा मिनिटं सोपी: दोन चालींत मात, काटा (एका मोहरीचा दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोहरीमुळे जखडलेली मोहरी), मागच्या रांगेची मात, एका वेळी एकच विषय, पटापट. यात डोळा तयार होतो. लिचेसवर विषयवार पझल फुकट आहेत. दुसरा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा, त्यात फक्त तीन-चार पझल, तुमच्या रेटिंगपेक्षा जरा अवघड. पटाला हात न लावता पूर्ण ओळ कागदावर लिहायची, समोरच्याची सगळ्यात चिवट उत्तरं धरून. मुख्य उत्तर चुकलं किंवा वाटेतली एक फांदी राहिली तर ते पझल चुकलं, पहिली चाल बरोबर असली तरी. सुरुवातीला निम्म्याच्या वर चुकतील. चुकलेली वेगळी ठेवा, आठवड्याने आणि मग महिन्याने परत घाला. शिवाय स्वतःच्या डावातल्या ‘दिसलंच नाही’ च्या जागा त्यांच्यातच मिसळून टाका. काहींत डावपेच असेल, काहींत साधी शांत चाल बरोबर असेल. काही आहे की नाही हेच तुम्हाला ठरवावं लागेल, आणि खऱ्या डावाचा सराव तसाच होतो.

तीन मिनिटांचे डाव बंद करा असं मी म्हणणार नाही, मजाही हवी. पण रात्री दहा-बारा डाव म्हणजे तुमचा अभ्यासाचा तास तिथेच संपतो. आठवड्यातून एक रात्र ठेवा, तीही अभ्यास झाल्यावर. बाकी डाव १५+१० चे, म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद जादा. दोघांच्या चाळीस-चाळीस चाली झाल्या तरी असा डाव पाऊण तासाच्या आत संपतो, म्हणजे तुमच्या तासात तो आणि वहीतल्या तीन जागा दोन्ही बसतं. रविवारी ३०+२०. तोही न सापडला तर ऑनलाइन लीग आहेत. लिचेस४५४५ मध्ये नावाप्रमाणे ४५+४५ चे डाव असतात, आठवड्याला एक, आणि वेळ दोघांनी ठरवून घ्यायची.

दर दहा चालींनंतर घड्याळात किती उरलंय ते नोंदवा. १५+१० चा डाव हरलात आणि घड्याळात नऊ मिनिटं शिल्लक असतील, तर तो रॅपिडच्या वेशातला ब्लिट्झच (तीन-पाच मिनिटांचा झटपट डाव) होता. उलट अडचणही असते. ओपनिंगमध्येच दहा मिनिटं घालवायची आणि हत्तीच्या एंडगेमला सेकंदांवर यायचं. दोन्हींचा शिक्का ‘घड्याळ’ हाच, पण उपाय वेगळे. पहिल्याला चाल तपासायची सवय हवी, दुसऱ्याला ओपनिंगची थोडी तयारी.

आता ओपनिंग. नायडॉर्फ उत्तम आहे आणि तुमच्या हातात सिसिलियन बसलेलं असेल तर ते सोडू नका. पण अठराव्या चालीपर्यंतची पाठांतरं बाजूला ठेवा. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगचा गट निवडता येतो. १६०० चा गट लावून १.ई४ सी५ नंतर लोक काय खेळतात ते बघा. उंट सी४, सी३, घोडा सी३ आणि मग एफ४, डी४ चं गॅम्बिट, हेच समोर येतं. तुमची तयारी तिथे हवी, प्रत्येकाला अर्धं पान.

यात थोडी काटकसरही करता येते. २.सी३ ला घोडा एफ६ खेळा, ३.ई५ घोडा डी५. आता कोणी २.डी४ सी×डी४ ३.सी३ असं प्यादं देऊ करणारं मोरा गॅम्बिट आणलं, तर प्यादं न घेता तिथेही घोडा एफ६, ४.ई५ घोडा डी५. पोझिशन नेमकी तीच येते, जी २.सी३ मध्ये ४.डी४ सी×डी४ नंतर येते. एक तयारी, दोन गिऱ्हाईकं. २.उंट सी४ ला ई६ आणि संधी मिळताच डी५: उंटाला हटावंच लागतं आणि मध्य तुमचा. एफ४ वाल्यांना जी६, उंट जी७, ई६, घोडा ई७ अशी मांडणी ठेवा. पांढऱ्याचं एफ५ रोखणं हा त्यातला मुद्दा, म्हणून राजाचा घोडा एफ६ ऐवजी ई७ वर.

डी४ विरुद्ध एक आणि पांढऱ्याने एक, एवढंच. सहा महिने बदल नाही. हरलात म्हणून ओपनिंग बदलायची तल्लफ येईल. तेव्हा वहीत बघा की डाव खरंच पहिल्या बारा चालींत गेला होता का. वाढवायचं तेही थोडंथोडं. प्रत्येक डावानंतर तुमची ओळख कुठे संपली ती चाल शोधा आणि तिथे फक्त एक ओळ जोडा, कारणासकट. वर्षाने तुमच्याकडे स्वतःच्या डावांतून उगवलेली तयारी असेल, विकत घेतलेल्या कोर्समधून ती येत नाही. ओपनिंगला एकूण वेळेच्या पंधरा-वीस टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

एंडगेमला मात्र मी जास्त देईन, कारण तिथलं शिकलेलं कधी जुनं होत नाही. राजा-प्यादं तुम्ही वर पाहिलंतच. डी, ई, एफ अशा मधल्या प्याद्याने चाल तुमची आणि काळ्याची असे दोन्ही प्रकार खेळून बघा, मग कडेच्या प्याद्याने, जिथे हिशोबच बदलतो. त्यानंतर हत्तीच्या एंडगेममधल्या दोन ठरलेल्या पोझिशन. पहिली लुसेना. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. राजा प्याद्यापुढे अडकलाय. चाल आहे हत्ती एफ४! काळा वाट बघतो, समजा हत्ती एच१. मग हत्ती ई४ शह, राजा डी७, राजा एफ७ बाहेर. काळा मागून शह देत सुटतो: एफ१, तुम्ही जी६; जी१, तुम्ही एफ६; एफ१, तुम्ही जी५; जी१ शह, आणि आता हत्ती जी४ मध्ये घालून शह बंद. चौथ्या रांगेवर हत्ती आधीच का नेला ते इथे कळतं. दुसरी फिलिडोर, ती वाचवणाऱ्याची. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत शेवटच्या रांगेवर, आणि हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या रांगेवर, म्हणजे समोरच्याचा राजा पुढे सरकू शकत नाही. तो प्यादं त्या रांगेवर ढकलेपर्यंत हत्ती हलवायचा तर त्याच रांगेवर. ढकललं की हत्ती ताबडतोब पटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मागून शह. त्याच्या राजाला लपायला आता प्यादंच पुढे उरत नाही. लोक चुकतात ते घाईत आधीच मागे जातात, किंवा प्यादं ढकललं तरी तिसऱ्याच रांगेवर बसून राहतात.

या तिन्ही इंजिनविरुद्ध खेळून पास करायच्या. वाचून ‘कळलं’ वाटतं आणि पंचेचाळीस सेकंद उरले असताना हात थरथरतो. सात मोहऱ्यांपर्यंत लिचेसचा टेबलबेस (आधीच पूर्ण मोजून ठेवलेल्या पोझिशनचा साठा) अचूक निकाल सांगतो, तेव्हा शंका राहायचं कारण नाही. उंट-घोड्याची मात, वजीर विरुद्ध हत्ती वगैरे सध्या सोडा. चुकीच्या रंगाचा उंट (प्यादं वजीर होतं त्या घराच्या रंगावर न चालणारा) आणि कडेचं प्यादं ही बरोबरी तेवढी माहीत असू द्या.

आठवडा असा लावून बघा. सोमवार, बुधवार, शुक्रवार पझल आणि उरलेला अर्धा तास एंडगेम किंवा आदल्या दिवशीच्या डावाचं इंजिन. मंगळवार, गुरुवार डाव. शनिवारी सुट्टी, ब्लिट्झ खेळायचं तर तेव्हा. रविवारी लांब डाव आणि एक जुना मास्टर गेम: जिंकणाऱ्याच्या बाजूच्या चाली झाकून दहाव्या ते तिसाव्या चालीपर्यंत अंदाज बांधायचा, आपली चाल लिहून मग उघडायची. माजी जगज्जेता कॅपाब्लांकाचे डाव यासाठी चांगले, योजना उघड दिसते. हत्तीच्या एंडगेमसाठी अकिबा रुबिनस्टाइन. हल्लीचं बघायचं तर नाशिकच्या विदित गुजराथीचे २०२३ च्या ग्रँड स्विसमधले डाव, ती स्पर्धा त्याने जिंकली होती. पण आजच्या ग्रँडमास्टरांची ओपनिंग उचलू नका. ती इंजिनच्या तयारीतून आलेली असते आणि तिची कारणं पटावर दिसत नाहीत.

कोचबद्दल. आत्ता नको, तीन महिन्यांनी हो. आत्ता गेलात तर कोच पहिले महिने तुमचे डाव ओळखण्यात घालवेल, आणि अनेक ठिकाणी सरळ ओपनिंगच सुरू करतात कारण ती शिकवायला सोपी. वहीतले शिक्के मारलेले दहा-पंधरा हरलेले डाव घेऊन जा आणि विचारा, ‘यात मला न दिसलेलं तुम्हाला काय दिसतंय?’ उत्तरात तुमच्याच डावांवर बोलणारा कोच घ्या. आणि तुमच्या ताकदीचा एक जोडीदार मिळाला, दोघांनी एकमेकांचे डाव पटावर फोडायचे ठरवलं, तर निम्मं काम फुकटात होतं.

स्पर्धा नक्की खेळा. सांगली तुमच्यापासून जवळ आहे आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळे तिथे स्पर्धांची परंपरा जुनी आहे, तेव्हा लांब जायचं कारण नाही. क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ यांची फिडे रेटिंग वेगवेगळी असतात, फॉर्म भरताना कोणती स्पर्धा आहे ते बघा. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आणि फिडे आयडी आधी करून ठेवा. पहिलं रेटिंग यायला रेटेड खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव लागतात. मार्च २०२४ पासून सगळ्यात खालचं रेटिंग १४०० आहे. त्यापुढे पहिल्या ३० डावांपर्यंत के (रेटिंग किती बदलणार ते ठरवणारा गुणक) ४० असतो, म्हणजे आकडा जोरात वर-खाली होणार. दोनशे गुणांनी वरच्या खेळाडूविरुद्ध चार डावांत सरासरी एक गुण मिळणं अपेक्षितच असतं, तेव्हा तेवढ्यावर निराश होऊ नका.

स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून रविवारचा डाव खऱ्या पटावर खेळा: घर पाच-सहा सेंटीमीटरचं, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटरचा. स्क्रीनवर वरून दिसणारा पट आणि टेबलावर तिरका दिसणारा पट यांत उंटाच्या लांब तिरक्या रेषा हुकतात. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावलात तर त्या बाजूला त्या चालीला कॅसलिंग करता येत नाही. मोहरीला हात लागला की तीच खेळायची. मोबाईल खेळायच्या जागी आणूच नका. प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत चाली लिहाव्या लागतात. त्याच कागदावर घड्याळातली वेळ लिहायला मात्र परवानगी आहे, ती लिहा. ९०+३० मध्ये पंधराव्या चालीला किमान ७० आणि पंचविसाव्या चालीला ४० मिनिटं हातात असावीत, असा अंदाज ठेवा.

समोर नऊ-दहा वर्षांची मुलं येतील. कागदावरचं रेटिंग कमी, ताकद जास्त, आणि चाली भराभर. त्यांच्या वेगाला वेग लावायला जाऊ नका. डावपेचांत ती तुम्हाला भारी पडतील, पण चाळिसाव्या चालीनंतर साध्या हत्तीच्या एंडगेममध्ये बरीच उतावीळ होतात. लुसेना तिथे उपयोगी पडेल. फेऱ्यांच्या मध्ये फोनवर इंजिन उघडू नका, पुढच्या फेरीत आधीच्या डावाची चूक डोक्यात घोळत बसते. कागद जपून ठेवा, वहीत ते घरी परतल्यावर.